पंचमीच्या दिवशी भाजलेले तीळ

माय,

आज सकाळी ओट्स भाजले. ओट्स म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. परदेशी धान्य आहे, चपटं करून पुड्यात भरून विकतात. दिसायला जाड पोहे आणि चवीला काहीच नाही. सुनेच्या मोबाइलवर एक बाई दाखवत होती, घरात डब्यांमध्ये जे काही उरलंसुरलं असेल ते घ्या, शेंगदाणे, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया, सगळं वेगवेगळं भाजा, गुळाच्या पाकात ओट्सबरोबर घोळा, थापा आणि वड्या पाडा. त्याचं नाव ग्रॅनोला. सून म्हणाली, "आई, तुमच्या हाताला भाजायची सवय आहे, तुम्हीच करा." मला हसूच आलं. सवय कुठली असणार? अकरा वर्षांची होते तेव्हापासून लग्न होईपर्यंत आपल्या घरात कढईत तीळ पडलेले मी पाहिले नाहीत. संक्रांतीला तू कच्चे तीळ आणि साखर वाटायचीस. बाया नाक मुरडायच्या, आणि तू खाली मान घालून हळदीकुंकू लावत राहायचीस. भाजायला मी सासरी शिकले, सासूच्या शिव्या खात.

तर आज ओट्स झाले, शेंगदाणे झाले, आणि मग तीळ टाकले. पहिला दाणा तडतडला आणि माझा हात थांबला. सून बाहेरून विचारते, "करपलं का काय?" मी म्हटलं, नाही. पण गॅस बंद केला आणि हा कागद घेऊन बसले. वड्या अजून झालेल्या नाहीत. होतील. तुझ्याशी आधी बोलायचं आहे, आणि माझं वय आता तू गेलीस त्या वयाच्या पुढे गेलंय, तेव्हा आणखी किती थांबू?

त्या श्रावणात विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि आपल्या भागात आगी लागल्या. मला काय कळत होतं? शाळा बंद, बस बंद, आणि पारावर एरवी ओरडून बोलणारी माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती, एवढंच. पंचमीच्या आदल्या दिवशी आपण दोघी ज्वारीच्या लाह्या फोडत होतो, नागोबासाठी. दुपारी खालच्या वस्तीकडून धूर वर आला. तू बघितलंस आणि म्हणालीस, "कुणीतरी काडीकचरा जाळायलंय." भर पावसाळ्यात काडीकचरा पेटत नाही हे तुलाही माहीत होतं, मलाही. लाह्या फुटत होत्या, तू त्यांच्यावर फडकं फिरवत होतीस, आणि आपण दोघी धुराविषयी आणखी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या सकाळी, तू शेण काढायला गोठ्यात गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस म्हणून मी मागं आले. गोठ्यामागच्या भुशाच्या खोलीत खालच्या वस्तीतली ती बाई बसलेली, तिचा नवरा आणि तीन-एक वर्षांची पोर. बाई तुझ्याच वयाची. सगळी वर्षं आपल्या रानात खुरपायला यायची, तुम्ही दोघी शेजारच्या पाती धरायच्या आणि दिवसभर तोंड चालू. पण तहान लागली की ती ओंजळ धरायची आणि तू वरून पाणी ओतायचीस. नवरा तालुक्याला नामांतराच्या मोर्चाला जाऊन आला होता, गावाला तेवढं पुरे होतं. रात्रभर ते ओढ्यात बसले होते. पोरीच्या ओठांना चिखल लागलेला.

"बाई, दोन भाकरी टाकून द्या की," ती म्हणाली. "पोरीनं कालपासनं काय खाल्लं न्हाई."

तू म्हणालीस, "आज तवा ठेवत न्हाईत गं."

आता हे लिहिताना माझाच विश्वास बसत नाही, पण तू तसंच म्हणालीस आणि तिनंही मान हलवली, कारण तिला ते ठाऊक होतं. पंचमीला तवा चुलीवर ठेवायचा नाही, विळीवर काही चिरायचं नाही, काही भाजायचं नाही. नागाला चटका बसतो, नाग कापला जातो. गावात कुणाच्याही घरी त्या दिवशी भाकरी नाही, उकडलेलं खायचं. ती दर पंचमीला आपल्याकडून उकडलेले दिंड घेऊन जायची. घरं जाळून आलेली माणसंसुद्धा त्या दिवशी विळीला हात लावत नव्हती, माय.

दिंड दिलेस तू, पण ते तेवढ्यापुरते. त्यांना दिवस कलला की ओढ्याच्या कडेनं निघायचं होतं, पिंगळीचं स्टेशन गाठायचं होतं, तिथून गाडीनं तिच्या भावाकडं. दोन दिवस तरी लागणार आणि वाटेत कुठं चूल मांडायची सोय नाही. उकडलेलं आंबून गेलं असतं. तू घरात आलीस, उतरंडीपुढं उभी राहिलीस आणि एकेक गाडगं उघडून बघायला लागलीस. लाह्या होत्या कालच्या. शेंगदाणे होते, तीळ, जवस, थोडे फुटाणे, गुळाची अर्धी ढेप. आधी तू कच्च्याच दाण्यांवर पाक ओतून बघितलास. चाखलास आणि थुंकलीस. "कच्चं जवस पोरीच्या पोटाला बाधंल," म्हणालीस. मग चुलीपुढं बसून राहिलीस. मी विचारलं, "माय, काय झालं?" उठलीस, दाराला गोणपाट लावलंस, खिडकीत फडकं कोंबलंस आणि कढई चुलीवर ठेवलीस.

मी तुला घाबरून बघत होते. मला खरंच वाटत होतं की कुठंतरी नाग भाजतोय. तू तोंडानं काहीतरी पुटपुटत होतीस, बहुतेक माफी मागत होतीस. दाणे मंद आचेवर, हातानं चोळून साल निघेपर्यंत. जवस तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं, नाहीतर कडू होतं. तीळ सगळ्यात शेवटी. गूळ तू विळीनं चिरला नाहीस, दगडानं फोडलास. तेवढा एक नियम तरी पाळलास. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघितलंस, मग सगळं एकत्र करून हाताला तूप लावलंस आणि हात भाजत होते तरी हूं की चूं न करता लाडू वळायला लागलीस.

आणि मी हात पुढं केला. आठवतंय तुला? कुठलाही लाडू असो, पहिला माझा, चव बघायला. तूच ती सवय लावलेलीस. त्या दिवशी तू उलथनं माझ्या हातावर मारलंस. "हात काढ. तुला घरी रोज हाय."

लागलं फार नव्हतं. पण मी तुझ्या मागोमाग गोठ्यात आले आणि दारातून बघितलं. तू खाली बसलीस, तिच्या पोरीची हनुवटी धरलीस आणि पहिला लाडू तिच्या तोंडात घातलास. स्वतःच्या हातानं. वरून टाकला नाहीस. पोर चावत होती आणि गूळ तिच्या हनुवटीवरून तुझ्या बोटांवर येत होता, आणि ती बाई तुझ्याकडं बघत होती. तुम्ही दोघी रडत होतात. बाकीचे लाडू तू लुगड्याच्या धडप्यात बांधून दिलेस. मला म्हणालीस, "जा, झोक्यावर जा. रोजच्यासारखी ऱ्हा. कुणाला काय बोलू नको."

मी गेले. हातात नव्या बांगड्या, कालची मेंदी. गावात काल घरं जळाली होती आणि आज लिंबाला झोके बांधले होते, पोरी फेर धरत होत्या. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. चुलती तिथंच होती. आपल्या शेजारचंच घर तिचं, मधे फक्त एक भिंत. तिनं मला जवळ बोलावलं. "काय गं, तुझी माय काय भाजायली पंचमीच्या दिवशी? तिळाचा वास आला की भिंतीवरून. लाज न्हाई का काय तिला? नागोबाचा कोप व्हईल साऱ्या गावावर." चार बाया ऐकत होत्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हणाले, "आमच्यासाठी न्हाई भाजलं. गोठ्यात हायेत ना ते, त्यांच्यासाठी."

बस, एवढंच वाक्य. चुलतीनं पदर सावरला आणि ती घराकडं गेली. मी झोक्यावर बसले. माझा नंबर आला होता.

पुढचं तुला मी काय सांगू, तू तिथं होतीस. मी परत आले तेव्हा ऊन अजून होतं, गोठ्यात माणसं होती, काठ्या होत्या. तिला आणि पोरीला त्यांनी सोडलं. तिच्या नवऱ्याला नाही. दादा, माझा बाप, दारात उभे होते आणि त्यांचे हात जोडलेले होते, मारणाऱ्यांपुढं जोडले होते का देवापुढं ते मला आजही कळलेलं नाही. त्याला नंतर बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. चौथ्या दिवशी तो गेला असं कळलं. ती परत आली नाही, पोर परत आली नाही. शेणात लाडू तुडवलेले होते आणि तू खाली बसून ते वेचत होतीस, एकेक, धुता येतील अशा बेतानं.

दादा तुझ्याशी किती महिने बोलले नाहीत ते मला मोजता येत नाही. तू त्यांच्यावर रागावली नाहीस. गावावरही नाही. तू म्हणायचीस, "वास बाहेर गेला. माझ्याच हातानं केलं मी. पंचमीला भाजलं, नागानं डूख धरला." कितींदा म्हणालीस! खुरपताना, दळताना, माझ्या केसात तेल घालताना. माझ्या लग्नात रुखवताचे लाडू तू परभणीहून मागवलेस, आणि सासरच्या बायांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं. शेंगदाण्याची चटणीसुद्धा कच्च्याची करायचीस. आणि मी शेजारी बसून ती खायचे. दरवेळी वाटायचं, आता सांगावं. माय, वास नव्हे, मी. वास चुलतीला आला होता, पण वासावरून तिला फक्त तुझं पाप कळलं होतं, गोठ्यातली माणसं नाही. ती मी सांगितली.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात तू गेलीस. शेवटच्या दिवसांत मी तुझ्या उशाशी होते, दुपारची वेळ, तू डोळे मिटूनच म्हणालीस, "कुणीतरी तीळ भाजायलंय का गं?" कुणी भाजत नव्हतं. मी म्हटलं, नाही माय. तू म्हणालीस, "गोणपाट नीट लाव." मी उठले आणि दाराला गोणपाट लावल्यासारखं केलं. तेवढं केलं मी तुझ्यासाठी. तेव्हा सांगितलं असतं तर तू हलकी होऊन गेली असतीस, आणि मी माझंच बघितलं.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी तुझी बाजू घेतली. चार बाया तुला नावं ठेवत होत्या, लेक म्हणून मला राहवलं नाही, आमच्यासाठी भाजलं नाही असं सांगून मी तुझा नियम सांभाळायला गेले. लहान होते, कळत नव्हतं. नवऱ्याला एकदा सांगितलं ते असंच सांगितलं. तोही म्हणाला, "पोर होतीस गं, तुझं काय चुकलं?" मला बरं वाटलं. लाज नाही मला.

आत्ता नात आली होती. वड्या झाल्या का विचारायला. कढईतला एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "पहिली वडी माझी हं, आजी." मी हो म्हटलं. ती गेली आणि मी परत हा कागद ओढला. हा कुणाला दाखवायचा नाही, आणि तुझ्यापर्यंत तर जायची सोयच नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू?

तुझी बाजू मी घेतली नव्हती, माय. मला माहीत होतं काय होईल ते. आदल्या दिवशी मी धूर बघितला होता. चुलतीनं विचारलं तेव्हा माझ्या हातावर उलथन्याचा वळ अजून दिसत होता. पहिला लाडू तू गोठ्यातल्या त्या पोरीला भरवलास, म्हणून सांगितलं.