पदवी थेमेलिनाला, घर अनेझिनाला

मी, कल्लिरोई मांगू (आमच्यात बापाचं मांगोस मुलीच्या नावात मांगू होतं), कै. याकोवोस मांगोस यांची धाकटी मुलगी, अविवाहित, गृहशास्त्राची सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार कालिम्नोस, नोटरीबाई आणि तीन साक्षीदारांसमोर सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. भाची थेमेलिनाने आणून पाहिला, तिला जमलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी तिला गुणी म्हटलं होतं.

आमच्या बेटावर आईचं घर थोरल्या मुलीला जातं. तसं ते माझी बहीण सेवास्ती हिला मिळालं आणि तिने ते नीट राखलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. धाकटीसाठी बाप दुसरं घर बांधतो. माझ्या बापाने बांधलं नाही. स्पंज काढायला जायची त्यांची बोट त्यांनी विकली आणि मला शिक्षिकेच्या पदवीसाठी अथेन्सला धाडलं. "पोरी, पदवी हेच तुझं घर," म्हणाले. अख्ख्या कॉफीच्या दुकानाला सांगत सुटले की सरकार मुलीला फुकट शिकवतंय. फुकट! फी नव्हती, एवढंच. खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि प्रवेशपरीक्षेआधीची शिकवणी यांत बोट गेली, आणि नंतर ते दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीला गेले.

पदवी मिळाल्यावर माझं नाव सरकारच्या नेमणुकीच्या यादीत लागलं. पुढची बाई निवृत्त झाली की मागचीचा नंबर. तेरा वर्षं मी अनोळखी बायका म्हाताऱ्या होण्याची वाट पाहिली. तोवर शेजारच्या कोस बेटावर एका हॉटेलात चादरी धुतल्या, अगदी शास्त्रोक्त.

त्याच काळात साकेलारिस मला मागणी घालणार होता. त्याची आई आधी चौकशीला आली. तिने विचारलं, "घर कुठंय?" वडिलांनी भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी दाखवली. ती म्हणाली, "मग माझ्या पोराला काय त्या कागदात गुंडाळून झोपवणार?" साकेलारिस बाहेर अंगणात उभा होता. त्याने ऐकलं आणि आईच्या मागोमाग निघून गेला. त्याला मी माझ्या हातची भरतकाम केलेली चादर देते. एकदाही अंथरलेली नाही. खाली कॉफीच्या दुकानात पत्ते कुटत बसलेला असतो, तिथेच नेऊन द्यावी, सगळ्यांसमोर.

नेमणूक झाली ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एव्रोसला. शाळेत गृहशास्त्र होतं, शेगडी नव्हती. मी फळ्यावर खडूने शेगडी काढली आणि तिच्यावर मसूर शिजवायला शिकवलं. मुली खो खो हसल्या. हेडमास्तर म्हणाले, "बाई, विषय तुमचा काय, नुसता तोंडी लावण्याचा. तुम्ही ग्रंथालयही सांभाळा." ग्रंथालय म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली हेडमास्तरांकडे. त्या शाळेला, अजून उघडी असल्यास, माझी दोन बर्नरची शेगडी द्यावी. हेडमास्तरांना काही देऊ नये, ते वारले असले तरी.

(नोटरीबाई म्हणतात, "अहो, हे मृत्युपत्र आहे, भांडण नाही." मी म्हटलं, दोन्ही लिहा.)

आता मुद्द्यावर येते. गेल्या ईस्टरला भात भरलेलं कोकरू पानात वाढता वाढता थेमेलिनाने जाहीर केलं की सेवास्तीचं घर आपल्या थोरल्या मुलीच्या नावावर होणार आणि धाकटी अनेझिना शिक्षिकेच्या पदवीला जाणार.

मी विचारलं, "आणि हिचं घर?"

"मावशी, पदवी हेच तिचं घर."

बाप मरून इतकी वर्षं झाली आणि त्याचं वाक्य या बयेच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं. मी म्हटलं, "अगं, आताच्या पोरींना जूनमध्ये कामावरून काढतात आणि सप्टेंबरमध्ये भलत्याच बेटावर घेतात. पर्यटक गेल्याशिवाय त्यांना खोली मिळत नाही. काहीजणी गाडीत झोपतात, गाडीत!" थेमेलिना म्हणाली, "तुझं काय वाईट झालं? पेन्शन खातेस ना?" सगळे हसले. अनेझिना हसली नाही. भांडी घासताना तिने हळूच विचारलं, "आजी, तुला शिकवायला आवडायचं का गं?" मी तिला ताटं नीट पूस म्हणाले.

म्हणून थेमेलिनाला मी माझी पदवी देते, चौकटीसकट. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की तिने ती डोक्यावर धरून बघावी.

बँकेतल्या पैशांतून माझं दफन व्हावं. उरतील ते चर्चला, कारण पाद्र्याने मला कधी सल्ला दिला नाही.

बंदरावरचं माझं दोन खोल्यांचं घर, जे मी साठीला टेकल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलं, ते शिलाई मशीन, भांडीकुंडी आणि मागच्या लिंबोणीसह अनेझिनाला द्यावं. तिच्या आईने ते भाड्याने देऊ नये, "सांभाळू" नये, त्यात जुनं कपाट आणून ठेवू नये. अनेझिनाने माझ्या मरणाची वाट बघायची नाही. एक किल्ली आज इथेच तिच्या हातात दिली आहे.

नोटरीबाई विचारतात, अट कोणती घालू? शिकली तर, की न शिकली तर? कसलीही अट नको.

अनेझिना, तू ताटं पुसत होतीस तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आता देते. आवडायचं. फार आवडायचं. त्या मुली हसायच्या तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक वाटायचं, आणि या भिकार धंद्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. तू शिक्षिका हो, नाहीतर बोटीवर जा. जूनमध्ये तुला काढून टाकतील तेव्हा परत यायला तुझ्या नावाचं दार असेल. मला नव्हतं, म्हणून मी प्रत्येक हेडमास्तरापुढे मान खाली घातली. तू घालू नकोस.

वाचून दाखवलं, एक शब्दही बदलला नाही, म्हणून सही केली.

कल्लिरोई मांगू

साक्षीदार:
निकितास ग्लिनात्सिस, बेकरीवाला
पोथिती कुल्लिया, शेजारीण (रडल्या, पण सही स्पष्ट आहे)
स्तामातिस हुल्लिस, निवृत्त टपालवाला

पोथिया, कालिम्नोस
१२ जून २०२३