मंगळ नसलेली पत्रिका

बाबा,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आज लिहायला बसले आहे, कारण जिवंत माणसांपैकी कुणापुढे हे बोलायची माझी हिंमत नाही. तुम्ही असतात तर मला फाडून खाल्लं असतंत. खरं सांगू, तेच हवं होतं.

तो रविवार आठवतो? नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, मला बघायला आलेली पाच माणसं, आणि आई स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरतेय. मुलाचे मामा खाकरून विचारतात, "पत्रिका द्याल ना? मुलीला मंगळ वगैरे नाही ना, एवढंच बघायचं." तुम्ही म्हणता, "पत्रिका केलेली नाही." मामा हसत हसत म्हणतात, "म्हणजे मंगळ असणार, म्हणूनच लपवताय!" झालं! उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला हे बोलायचं म्हणजे काय! तुम्ही चष्मा काढलात आणि सुरू झालात. मंगल म्हणजे शुभ. त्या ग्रहाला आधी लाल दिसतो म्हणून अंगारक म्हणत, धरणीचा मुलगा म्हणून भौम म्हणत. पण लोकांना त्याची धास्ती, आणि धास्ती वाटते त्याला आपण गोड नाव देतो. बांगडी फुटली की वाढली म्हणतो, निघताना येतो म्हणतो, अंगभर फोड उठले की देवी आल्या म्हणतो. तसंच त्या निखाऱ्याला मंगळ म्हटलं. मग वाराला त्याचं नाव दिलं, आणि एवढ्यावर भागेना म्हणून जित्याजागत्या पोरींना मंगळी म्हणून घरी बसवलं. "आता बोला," तुम्ही म्हणालात, "मुलगी बघायला आलात की ग्रह?" मामा उठलेच. तर वर तुमचं, "पोहे खाऊन जा हो, त्यांना मंगळ नाही."

आई ओट्याकडे तोंड करून रडत होती आणि मी तुमच्यावर ओरडले होते, की तुमच्या शब्दांच्या नादात माझं लग्न मोडलंत. तुम्ही दारात उभे राहून शांतपणे म्हणालात, "त्यांना तू पसंत नव्हतीस. नको असेल तर नको म्हणावं माणसानं. ग्रहाला कशाला मध्ये घालायचं?" किती लागलं होतं मला ते! पण पुढे ह्यांचं स्थळ आलं, पत्रिकेचं कुणी नावही काढलं नाही, आणि तेव्हापासून हा किस्सा मी चारचौघांत मिरवत आले. आमचे बाबा असे होते, आमच्याकडे असलं काही नसतं. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तो तोंडपाठ नसलेलं माणूस सापडायचं नाही.

आता ऐका. तुमच्या नातवाने मार्चमध्ये सांगितलं, कंपनीतली एक मुलगी आहे, लग्न करायचं म्हणतोय. मुलगी नागपूरची. दोनदा घरी आली होती. हुशार, हसरी, माझ्या हातची आमटी मागून घेतली तिने. मला आवडली होती, हे आधी लिहून ठेवते. मग आडनाव कळलं. तिच्या पणजोबांपासून ते लोक बौद्ध आहेत. मी काही म्हटलं नाही. मी कशी म्हणेन? मी तुमची मुलगी! पण रात्रंदिवस डोक्यात एकच, माझ्या नणंदा काय म्हणतील, लग्नाच्या कार्यालयात कोण कोण तोंड फिरवेल. आणि तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "अहो, पत्रिका पाठवाल का? आमच्याकडे जरा बघतात मंगळाचं."

आमच्याकडे बघतात! मला माहीत होतं बाबा, की त्यांच्यात पत्रिका करत नाहीत. माहीत होतं म्हणूनच मागितली. त्या नाही म्हणतील, मग मी हळहळेन, आणि कुणाचंच नाव वाईट होणार नाही, असा सगळा माझा हिशेब. पण त्या म्हणाल्या, "बघते ताई."

आठ दिवसांनी फोनवर पत्रिका आली. छापलेली, कोपऱ्यात गणपती. मागोमाग त्यांचा फोन. "मी स्वतः गेली होती ताई ज्योतिषाकडे करायला. घरी कोणाला सांगितलं नाही. आमचे सासरे असते तर घरात घेतलं नसतं मला. पण पोरीचं मन आहे ना. मंगळ नाही म्हणाले ते, दोनदा विचारलं मी. आता काही अडचण नाही ना?" ती बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्या माणसांनी जे टाकून दिलं, ते तिने माझ्यासाठी पुन्हा हातात धरलं. आणि मी म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते."

मुलीला कळायचं ते कळलंच. तिने तुमच्या नातवाला सांगितलं, "माझ्या आईला तुझ्या आईने तिथे पाठवलं. त्या घरात मी येणार नाही." तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई, सिरियसली? तू पत्रिका मागितलीस? तू?" मी मान खाली घालून म्हटलं, "मन मानेना रे." त्याला वाटतं आई म्हातारपणी अंधश्रद्धाळू झाली. मी ते तसंच राहू दिलं. भोळी म्हटलेलं चालतं मला, दुसरा शब्द ऐकवणार नाही. आता तो वेगळा राहतो. फोन करतो, जेवलीस का विचारतो, ठेवून देतो.

काल ह्यांना म्हटलं, मी नागपूरला जाऊन त्या बाईंचे पाय धरते. हे म्हणाले, "जाऊन सांगणार काय? मंगळ आडवा आला?" ह्यांना सगळं कळलं आहे, फक्त बोलत नाहीत. जायचं तर खरं सांगावं लागेल, आणि ते मला तिच्यासमोर उच्चारता येईल असं वाटत नाही. इथेही बघा ना, एवढी पानं लिहिली आणि जात हा शब्द आत्ता कुठे आला.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. ती पत्रिका आली तेव्हा मी चष्मा शोधून आणला, बोट लावून एकेक ओळ वाचली. खाली लिहिलं होतं, मंगळ नाही. ते वाचून, बाबा, मला वाईट वाटलं.