ओळख पटली ती एकाची

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
रेवखोल, ता. मालवण
दि. २९ जानेवारी २००६

चि. शेवंतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली सुक्या गोलम्याची पुडी पोचली, बारीक कोलंबी चवीला छान आहे. पुडी वाटेत हलकी झाली की कसालच्या बाजारात बसून तुझा हात आखडला, ते कळव. फोन घे म्हणून पुन्हा लिहिलं आहेस. पस्तीस वर्षं बोटीवर काढली, तेव्हा बऱ्यावाईट बातम्या पत्रानेच आल्या. तुझी नर्मदावहिनी गेल्याचंही पत्रच आलं होतं. आता या वयात कानाला डबी लावून ओरडणं मला जमायचं नाही.

परवा सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. खाडीत पंप लावून वाळू उपसायची, त्याला पंचायतीची ना-हरकत हवी, असा विषय निघाला. मी सरपंच म्हणून उभा राहिलो आणि एवढंच विचारलं, की गेल्या वर्षी पलीकडच्या तीरावर उपसा झाला तेव्हा आपल्या विहिरी खाऱ्या झाल्या की नाही? तिसऱ्या-शिंपले काढायला गेलेल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या की नाही? बायकांनीच आधी हात वर केले. ठराव नामंजूर. जाताना ठेकेदाराचा माणूस हसत हसत म्हणाला, सरपंचानु, गाव ल्हान आसा, संभाळून फिरा.

जितू आदल्या दिवशी डंपर घेऊन आला होता. त्याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर, त्यामुळे पोराची पंचाईत. मामा, सोडून दे ह्यां, म्हणाला. मी नाही म्हटल्यावर जेवायला बसला. शनिवारी अजून खाडीकाठच्या खाजणाच्या बंधाऱ्यावरून चालतच बाजाराला जातोस काय, असं विचारत होता. मामाच्या पायांची काळजी करण्याएवढा मोठा झाला तुझा झिल.

तब्येतीला जप. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा दादा,
परशुराम

॥ श्री ॥
कसाल
दि. ५ फेब्रुवारी २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पुडी पूर्ण भरून दिली होती. कंडक्टरला धर.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस बेचैन आहे. इथे तिठ्यावर माणसं बोलतात ते कानावर येतं. खाडीपलीकडच्या एका पंचायत सदस्याने उपसा अडवला म्हणून त्याची होडी जाळली, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि मुंबईला मुलाकडे गेला. त्याच्यामागे बायको-मुलं होती. तुझ्या घरात तुला हाक मारायलाही कोणी नाही. बंधाऱ्यावर तू पडून राहिलास तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळायचं नाही. गावाने तुला निवडून दिलं हे खरं, पण गाव तुझ्याबरोबर चालत बाजाराला येत नाही.

जितूचे बाबा गेले तेव्हा तू आणि वहिनीने त्याला चार वर्षं सांभाळलंत. त्याच्यासाठी तरी थोडं नमतं घे. हल्ली तो माझ्याशी धड बोलत नाही. ताट पुढे ठेवलं की उठून जातो. तू त्याला काही बोललास का?

उत्तर लगेच पाठव. तुझ्या दोन ओळी आल्या की माझा आठवडा जातो.

तुझी,
शेवंती

॥ श्री ॥
सरकारी इस्पितळ, ओरोस
दि. २० फेब्रुवारी २००६

चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. हे पत्र वॉर्डातल्या सिस्टर लिहून देत आहेत. त्या लातूरच्या, मालवणी कळत नाही, म्हणून मी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलतो आहे. हसू नकोस.

बातमी तुला कळलीच असेल. अकरा तारखेला, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास बंधाऱ्यावर चौघांनी गाठलं. तोंडांना टॉवेल बांधले होते. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. डोक्याला मार नाही. तिसऱ्या काढणाऱ्या दोघीजणी खाली चिखलात होत्या, त्यांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलो. चष्मा मात्र सहीसलामत आहे. बंधाऱ्याच्या दगडी गडग्यावर काड्या मिटून नीट ठेवलेला सापडला.

फौजदार येऊन जबाब घेऊन गेले. कोणाला ओळखलं का विचारत होते. मी नाही म्हणून सांगितलं.

पहिल्या दिवशी अर्धं गाव आलं होतं. आता आवाठातली शेजारीण रुक्मिणी एकटी पेज घेऊन येते. तू केव्हा येतेस? जितूला सुट्टी मिळाली तर त्यालाही आण. तो बरा आहे ना? जेवतो ना?

सिस्टरांना बाकीची कामं आहेत. तुझी माया असू दे, म्हणजे हाडं लवकर जुळतील.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
कसाल
दि. ३ मार्च २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन खूप रडले. यायला निघालेच होते, पण गुडघे धरले आहेत, जिना चढवत नाही. त्यातून बाजाराचे दिवस, माल उघडा टाकता येत नाही. जितूलाही सुट्टी नाही. तो बरा आहे.

रुक्मिणीकडे तुझ्यासाठी धुतलेले पंचे पाठवले आहेत. फौजदारांना जे सांगितलंस तेच सांग. झालं ते झालं. देव बघून घेईल.

पुढच्या आठवड्यात नक्की येते. राग मानू नकोस.

शेवंती

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
रेवखोल
दि. १८ एप्रिल २००६

चि. शेवंतीस आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. सात दिवस सराव केला, तेव्हा तुझं नाव धड उमटलं.

घरी येऊन महिना झाला. तू आली नाहीस. गुडघ्यांचं कारण मी मानलं, कारण मलाही आता गुडघा आहे. पण इस्पितळाला जिना नव्हता गो.

मी आत असताना उपसरपंचाने खास सभा लावून ना-हरकत देऊन टाकली. मला पाडून ते मोकळे झाले. बायकांनी या वेळी हात वर केले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. सकाळपासून पंपाचा आवाज सुरू होतो. शिपाई सह्यांसाठी वही घेऊन येतो, उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. पूर्वी माझ्या घरापुढच्या खळ्यात संध्याकाळी सात-आठ माणसं पत्ते कुटायची. आता वाटेवरून जाताना मान खाली घालतात. त्यांना माझा तिटकारा नाही. भीती वाटते. मी मात्र एकटा पत्ते मांडतो, आणि डाव्या हाताने ते पिसता येत नाहीत.

बोटीवर महिनोन् महिने जमीन दिसायची नाही, पण असं एकटं कधी वाटलं नव्हतं.

जितू कसा आहे, एवढं एक मला खरं लिही.

दादा

कसाल
दि. २ मे २००६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

खरं विचारलंस, तर लिहिते. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल, नाहीतर फौजदाराला दे. तुझी मर्जी.

त्या शनिवारी जितू दुपारी घरी आला आणि विहिरीवर आंघोळ करत बसला. कळशीमागून कळशी ओततोय. मी विचारलं तर पुन्हा रहाट ओढायला लागला. तुझी बातमी आली तेव्हा मला कळून चुकलं. आई आहे मी, मला कोणी सांगायची गरज नव्हती. चार दिवसांनी त्याने तोंड उघडलं. गाडी त्याने चालवली. बंधाऱ्याची वाट त्याने दाखवली. नुसतो दम देवचो आसा, मामाक हात लावूचो नाय, असं त्याला सांगितलं होतं म्हणे. तिथे गेल्यावर त्यालाच म्हणाले, तू धर. त्याने तुला मागून धरलं, दादा.

म्हणून मी आले नाही. गुडघे माझे ठणठणीत आहेत. दोनदा गाडीत बसले आणि ओरोसच्या थांब्यावर उतरून परत आले. तुझ्या खाटेजवळ बसून मी काय बोलणार होते? माझा एकुलता एक आहे तो. तुझं नाव काढलं की उठून विहिरीवर जातो. डंपरवर जाणं सोडलं आहे.

तुझ्यापाशी काय मागू, कळत नाही. मागायला तोंड नाही.

तुझी अभागी बहीण

रेवखोल
दि. ९ मे २००६

चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं.

मला त्याच दिवशी ठाऊक होतं. पहिला दांडा पडायच्या आधी मागच्याने माझा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि गडग्यावर ठेवला. मारेकरी कोणाचा चष्मा सांभाळत नाहीत गो. सुट्टीवर आलो की खळ्यात वाचता वाचता मला झोप लागायची, तेव्हा सात वर्षांचा जितू असाच अलगद माझा चष्मा काढून ठेवायचा. फौजदारांपुढे मी खोटं बोललो. जवळजवळ तीन महिने मी तुमच्या दोघांची वाट बघतो आहे.

मामा म्हणून मी त्याला तिथेच, पडल्या पडल्या, माफ केलं. पण दांडे परशुरामाला नाही पडले, सरपंचाला पडले. दोनशे घरांनी मला नाही म्हणायला पाठवलं होतं, ते नाही मोडण्यासाठी पडले. त्यांच्या वतीने माफ करायचा हक्क मला कोणी दिला? मी गप्प राहिलो तर यापुढे रेवखोलात कोणी कशाला नाही म्हणणार नाही. आत्ताच म्हणत नाहीत.

मी त्याचं नाव सांगायला जाणार नाही. त्यानेच जावं, आणि चौघांचीही नावं सांगावी. तो गेला, की मग मीही खरं काय ते सांगेन. त्याला म्हणावं, मामा उंबऱ्यावर बसलो आसा, आधी हंय ये, मग दोघेय जावया.

जेवत जा. त्यालाही जेवू घाल.

दादा

कसाल
दि. १२ डिसेंबर २००८

दादास,

निकाल लागला. तू कोर्टातून काठी टेकत निघून गेलास, मी बाकावरच बसले होते.

तू म्हणालास म्हणून मी त्याला तुझ्याकडे आणलं. तू म्हणालास म्हणून तो तुझ्याबरोबर फौजदाराकडे गेला, चौघांची नावं दिली. अडीच वर्षं माझ्याकडून कोणी मासळी घेतली नाही, दोनदा कौलांवर दगड आले, ते मी सोसलं. म्हटलं, सगळे जातील आत, तर आपलाही जाऊ दे. आणि झालं काय? चिखलातल्या त्या दोघी म्हणाल्या, आम्ही काय एक बघूक नाय. जितूने दिलेली नावं एकट्या त्याच्या शब्दावर धरली नाहीत; तोंडावर टॉवेल होते म्हणून तुलाही ते तिघे ओळखता आले नाहीत, आणि ते सुटले. बाहेर फटाके वाजले ते तूही ऐकलेस. तुला वकिलाने विचारलं, ह्यांतल्या कोणाला ओळखता? आणि तू मोडका हात उचलून माझ्या मुलाकडे बोट दाखवलंस. एकट्या त्याच्याकडे, त्या चष्म्यामुळे.

खरं बोललास, माहीत आहे. त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. तुझ्या पंचायतीवर आता त्यांचाच सरपंच आहे, आणि पंप चालूच आहेत. मग कोणासाठी केलंस?

माका तुझ्याकडसून आता कायएक नको. पत्रही नको.

शेवंती

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
रेवखोल
दि. ८ जून २००९

चि. शेवंतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र नको म्हणालीस, म्हणून सहा महिने लिहिलं नाही. आता लिहितो, कारण निरोप माझा नाही.

कोणासाठी केलं, ह्याचं उत्तर मलाही सापडलेलं नाही. पुष्कळ शोधलं. ते बोट उचललं तेव्हा हात दुखला नव्हता, त्यानंतर मात्र रोज दुखतो. मी खोटं बोललो असतो तर तो आज घरी असता. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सावंतवाडीला तुरुंगात त्याला भेटायला जातो. पहिले तीन महिने तो बाहेर आलाच नाही. शिपाई येऊन सांगायचा, नको म्हणतो. मी वेळ संपेपर्यंत बाकावर बसून परत यायचो. चौथ्या खेपेला आला. केस कापलेले, गालफडं वर आलेली. जाळीपलीकडे उभा राहून माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. मग विचारलं, मामा, हात दुखता काय रे? मी म्हटलं, पाऊसपाण्याचो दुखता. एवढंच बोलणं झालं. गेल्या खेपेला जास्त बोलला. आत सुतारकाम शिकतो आहे. पंपांचं विचारलं. मग म्हणाला, आवशीक सांग, मी बरो आसय. आणि वळता वळता, ती येना नाय काय? मी म्हटलं, गुडघे धरले आहेत. त्याने मान हलवली. विश्वास बसला नाही त्याचा.

सावंतवाडीची गाडी मी कसालच्या तिठ्यावर बदलतो. तिथून तुझं दुकान दिसतं. तू पाठमोरी असतेस. हाक मारायचा धीर होत नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार सहा जुलैला आहे. जमलं तर बघ. नाही जमलं तरी मी त्याला काहीतरी सांगेन.

दादा

॥ श्री ॥
कसाल
दि. १७ जून २००९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

त्याला काही सांगू नकोस. तू खोटं फार वाईट बोलतोस.

तुरुंगाच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याला जाळीमागे बघितलं तर मी तिथेच पडेन, ही एक भीती. आणि तो विचारेल, आई, तू माका मामाकडे कित्याक नेलंस, ही दुसरी. तुझ्या पत्रावरून कळलं, की तो ते विचारणार नाही. तो माझी वाटच बघतो आहे.

राग पूर्ण गेला आहे असं लिहिणार नाही. तुझ्यासमोर खोटं लिहून काय उपयोग? पण घरी कोणाशी बोलायला नाही, आणि ज्याच्यावर रागवायचं तोही तूच एक उरला आहेस.

आणखी एक. तू तिठ्यावर उतरतोस ते मला दर खेपेला दिसतं. डाव्या हातात पिशवी, उजवा हात सदऱ्याच्या खिशात, रसवंतीच्या पत्र्याखाली पाऊण तास उभा. तू इकडे वळलास की मी मुद्दाम पाठ फिरवायचे, आणि तू गेल्यावर त्या पत्र्याखाली बघत राहायचे.

सहा तारखेला उभा राहू नकोस. दुकानात येऊन बस, तुझ्यासाठी स्टूल ठेवते. मी डबा बांधून तयार असेन.

तुझी,
शेवंती