सूत्राखालची रिकामी ओळ

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, नवा चष्माही आला. तुझा खोकला कसा आहे? गरम पाणी पितेस ना, की शिकवायच्या नादात विसरतेस?

तुझ्या गणिताच्या पुस्तकाची मी संगणकावर पुन्हा जुळवलेली पानं प्रकाशकांनी काल पसंत केली. पुस्तक लवकरच छापायला जाईल. पुढे लिहितेय ते मात्र आधीच लिहायला हवं होतं, पण मन धजेना.

गेल्या वेळी मी पानं जुळवली तेव्हा प्रत्येक सूत्राखालची ओळ आत सरकली होती, जणू तिथून नवा परिच्छेदच सुरू होतोय. सूत्रानंतर ‘म्हणून’, ‘जिथे’ असं म्हणत पुढे चालणारी सगळी वाक्यं मध्येच तुटली. ‘लेखिकेची मांडणी विस्कळीत आहे,’ असं प्रकाशकांच्या परीक्षकांनी तुला कळवलं. तू मला विचारलंस, “ताई, हे कसं झालं गं?” मी म्हणाले, “तुझ्या हस्तलिखितातच तसं होतं.” त्यानंतर चार महिने तू बोलली नाहीस.

हस्तलिखितात तसं नव्हतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. हिचे डोळे गेले, आता काम जमत नाही, असं कुणी म्हणेल याची भीती वाटली.

शाळेतल्या गणिताच्या सिस्टर आठवतात? “एक ओळ सोडा, मुलींनो, आकड्यांनाही श्वास घेऊ द्या.” मी अजून सोडते. सूत्र टाइप केलं की खाली एक रिकामी ओळ, डोळ्यांना बरी म्हणून. संगणक बिचारा तिथे नवा परिच्छेद समजतो.

तीनशे बारा सूत्रं. सरसकट ओळी काढून चालेना, काही ठिकाणी परिच्छेद खरोखरच नवा होता. मग एकेक वाचत बसले. तुझे भावोजी म्हणाले, “बहिणीची सूत्रं सांभाळतेस, दूध कोण सांभाळणार?” तोवर ते उतू गेलं होतं. पण तू काय म्हणतेस ते मला पहिल्यांदाच थोडंफार कळलं. किती शांतपणे लिहितेस गं.

चूक माझी होती, हे प्रकाशकांना लेखी कळवलंय. खूप हलकं वाटतंय.

फक्त पान चौऱ्याऐंशीवर अडले. सूत्राखाली तू आधीचंच पुढे नेते आहेस की नव्याने सुरुवात करते आहेस, मला ठरवता येईना. तिथली रिकामी ओळ तशीच ठेवली आहे. प्रकाशक पंधरा दिवस थांबतील. फोन करून तेवढं सांग. तेवढंच सांगितलंस तरी चालेल.

वाट पाहणारी,
तुझी ताई