इलियासच्या नावावरचा फ्लॅट

वोलोस, ग्रीस, १२ जून २०१९

नाही केली सही!

नोटरीबाई वाचत होत्या — "मयत इलियास यांचा फ्लॅट. निम्मा पत्नी मिर्तो यांना, उरलेला निम्मा आईवडिलांना." मयत, मयत. दर ओळीत मयत. पर्स उचलली आणि बाहेर पडले. पांडेलिस मागून आला. "अगं, तू सही केली नाहीस म्हणून पोरगा परत येणार आहे का?"

भर रस्त्यात बोलला. नवरा म्हणायचा याला! घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडला. मला ऐकू आलं.

१३ जून

फ्लॅट घेतला तेव्हा इलियास सात वर्षांचा. विद्यापीठाजवळ, दुसरा मजला. विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा, पोराच्या नावावर ठेवायचा — पुढे त्याला आधार.

फेब्रुवारीत ऑफिसात बसल्या जागी गेला. तेहतीस वर्षांचा. आणि आता आम्ही त्याचे वारस! आईबापांनी मुलाचा वारसा घ्यायचा?

२० जून

पांडेलिस म्हणतो, आपला वाटा सुनेला देऊन टाकू. स्वतःचा देतो म्हणून तिला कळवूनही मोकळा झाला. मला न विचारता!

"विकेल ती. वर्षभरात दुसरं लग्न करेल."

"एकतीस वर्षांची आहे. करू दे की."

"आणि माझ्या इलियासच्या घरात परका माणूस झोपणार?"

"त्या घरात इलियास एक रात्र तरी झोपलाय का?"

खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

२१ जून

बोलत नाही त्याच्याशी.

६ जुलै

भाडेकरू मुलीचा काल फोन. बेसिन गळतंय. "आता मालक कोण? मी मिर्तोताईंनाही फोन केलाय."

आज गेले. मिर्तो आधीच पोचलेली! अथेन्सहून सकाळच्या बसने. बेसिनखाली आडवी, हातात पाना, हात काळे. हे सगळं इलियास करायचा.

मुलगी कॉलेजला गेली. ओट्याशी उभ्यानेच आम्ही दोघींनी माझ्या डब्यातले भरलेले टोमॅटो खाल्ले. न राहवून विचारलं, "विकणार आहेस का?"

"माहीत नाही, आई." डब्याला झाकण लावलं. "तिकडे माझ्यासमोर त्याचं नाव कुणी काढत नाही. मी आले की विषय बदलतात. तुम्हीही फोन करत नाही."

तिचा आवाज ऐकला की मागून त्याचा येईल असं वाटतं. म्हणून नाही करत.

तेवढं सांगितलं तिला. ती तिथेच फरशीवर बसली. मीही बसले, गुडघे दुखत असताना.

९ सप्टेंबर

केली सही. आधी वारसा घेतल्याची, मग माझा वाटा मिर्तोला दिल्याची. नोटरीबाईंनी पुन्हा सगळं वाचलं. या वेळी शेवटपर्यंत बसले. मिर्तोचा हात हातात धरून.

आता विको, काही करो. तिचं आहे.

घरी येऊन भांडी घासली. होती ती स्वच्छच.

३ ऑक्टोबर

मिर्तोचा फोन. भाडेकरू मुलगी शिक्षण संपवून गावी गेली. वाटलं, आता म्हणेल, गिऱ्हाईक मिळालं.

"आई, अथेन्सची नोकरी सोडली. शनिवारी मीच राहायला येतेय. पण एकटीला जेवण जात नाही हो — रात्री तुमच्याकडे येत जाऊ का?"