पोटातलं ओठावर

४ मार्च, मंगळवार
नडगीचं हाड तडकलं आहे! पडले नाही, धडपडले नाही — नुसतं धावून धावून. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मग पायाचं सोडून भलतंच विचारायला लागले. जेवण कसं आहे? पाळी वेळेवर येते का? म्हटलं, सगळं व्यवस्थित. किती सहज येतं हे तोंडातून! शेवटची पाळी कधी आली ते आठवतसुद्धा नाही. धावणाऱ्या पोरींचं असंच असतं, असं क्लबात सगळ्याच म्हणतात.
"हाडाला खायला मिळालं नाही, की ते असं तडकतं," डॉक्टर म्हणाले. रक्त तपासा, आहारतज्ज्ञ बाईंना भेटा. धावणं बंद.

५ मार्च, बुधवार
रक्त देणार कुठे? आमच्याच लॅबमध्ये! रोज दुसऱ्यांना सुया टोचते, आज स्वतःचा हात पुढे केला. लॅबमधले सगळ्यात जुने म्हणजे काका. त्यांना शीर सापडेना. "शीरही पळपुटी आहे गं तुझी!" हसले. मग हात तसाच धरून ठेवला. "बर्फ झालाय नुसता. जेवतेस ना?"
"डबा आणते की रोज."
आणते. आणि बसथांब्यामागच्या कुत्र्याला घालते. तो गरगरीत झालाय.

९ मार्च, रविवार
सकाळी क्लब माझ्या खिडकीखालून धावत गेला. बुटांचे आवाज, हसणं. पडद्याआड उभी राहिले. कोणी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर लपलेच असते म्हणा.

१२ मार्च, बुधवार
कोचसरांचा फोन. "पाय सांभाळ. आणि तोंडही सांभाळ हं! घरी बसलेल्या पोरी फुगतात." संघात माझ्या जागी हरणीला घेतलंय.
हरणी! तिचं हे नाव क्लबात पडलं, शोभतंही. मागच्या स्पर्धेनंतर सगळे जेवायला गेलो होतो. मी ब्रेडचा चुरा करून ताटभर पसरत होते, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसतं. मान वर केली तर समोर तीही तेच करत होती. नजरानजर झाली. दोघींनी माना खाली घातल्या. नंतर ती उठून बेसिनकडे गेली. किती तरी वेळ नळ सोडलेला. परत आली तेव्हा डोळे लाल. मी काही विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही. झाकली मूठ.

१५ मार्च, शनिवार
ताईचा फोन. काय जेवलीस? सूप, भात, फळं — धडाधड सांगत गेले. "आवाज का असा खोल गेलाय?" म्हटलं, रेंज नाही. फोन ठेवल्यावर खोली एवढी शांत झाली, की फ्रिजची घरघर बरी वाटली.

२१ मार्च, शुक्रवार
गेले एकदाची आहारतज्ज्ञ बाईंकडे. वाटलं होतं, वजनकाट्यावर उभं करतील. नाही केलं. "काय खाता ते राहू द्या. खाताना भीती कशाची वाटते?"
मला नुसतं रडू.
"बरं. आज नेहमीपेक्षा एक अंडं जास्त खा. बास, एवढंच."
एवढंच! अंडं उकडलं. सोललं. ते टेबलावर आणि मी खुर्चीत, दोघं एकमेकांकडे बघतोय! गार झाल्यावर खाल्लं. मग जीव नुसता धावू धावू करायला लागला. हात मांडीखाली दाबून बसून राहिले. हळूहळू ओसरलं.
अख्खं अंडं खाल्लं! सांगू कोणाला?

३० मार्च, रविवार
हरणी सरावात कोसळली. हॉस्पिटलमध्ये आहे, अजून नीट शुद्धीवर नाही. सर म्हणाले, ऊन लागलं. आज सकाळपासून आभाळ आहे.

३१ मार्च, सोमवार
काम सोडून गेले. अतिदक्षता विभागाबाहेर तिची आई एकटीच बाकावर. ओळख सांगितली. "रक्तातले क्षार एकदम खाली गेलेत म्हणे," आई म्हणाल्या. "हृदयाचे ठोके चुकतायत. डॉक्टर सारखं विचारतात, काही औषधं घेते का, पोट बिघडलं होतं का. मी काय सांगू? माझ्यासमोर पोटभर जेवते गं ती!"
परत फिरावंसं वाटलं. खरंच, जिन्यापर्यंत गेलेही. मग पुन्हा बाकाशी आले.
"आई, जेवण झाल्यावर ती नळ सोडून बसते का?"
मग सगळं सांगितलं — ब्रेडचा चुरा, नळाच्या आवाजाआड खाल्लेलं ओकून टाकणं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनाही. ते लगेच आत गेले.
आईंनी माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं. "आणि तू बघत राहिलीस? तुला कसं कळलं हे?"
"कारण मलाही तोच आजार आहे."
बोलून गेले. आजार हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच. माझा आवाज मलाच परका वाटला. आईंची पकड सुटली नाही, सैल झाली फक्त.
"तुझ्या घरी कोणाला माहीत आहे?"
"नाही."
"लाव फोन. माझ्यासमोर लाव."
ताईने सगळं ऐकून घेतलं. ओरडेल वाटलं होतं. "मला दिसत होतं गं," म्हणाली, "विचारायचा धीर होत नव्हता. निघते मी."

२ एप्रिल, बुधवार
हरणी धोक्याबाहेर! दुपारी तिचा मेसेज — "आईला सांगितलंस. आयुष्यात बोलणार नाही तुझ्याशी."
आणि लगेच दुसरा — "उद्या जेवणाच्या वेळेला ये. ताट समोर आणून ठेवतात. एकटीने नाही होत."