जळका वास निरांजनाचा नव्हता

आई,

तू अंघोळीला गेली आहेस आणि माझी बस सहा मिनिटांत येईल, म्हणून फ्रिजवर लावून जातेय.

काल माझ्या जॅकेटमध्ये तुला व्हेप सापडला आणि तू ओरडलीच नाहीस. मी भांडायची फुल तयारी केली होती, यार! तू फक्त विचारलंस, "ह्याला एवढा जळका वास का गं येतो?" ते आता शोधून काढलंय. ह्या ई-सिगारेटच्या आत लिक्विडमध्ये भिजलेला कापूस असतो आणि छोटी कॉइल तो तापवते. लिक्विड संपत आलं, किंवा न थांबता ओढत राहिलं, की कापूस कोरडा पडतो आणि तोच जळतो. जळकी चव यायला लागली तरी मी ओढतच होते. तेव्हाच कळलं, ही नुसती गंमत राहिली नाहीये.

आणि सॉरी. दोन आठवडे तू निरांजनाला दोष देत होतीस. इथला कापूसच भिकार म्हणून पुण्याहून आजीला फुलवाती पाठवायला सांगितलंस, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली!

व्हेप गॅरेजमध्ये पत्र्याच्या डब्यात आहे. कचऱ्यात टाकू नकोस, आत बॅटरी आहे. बाबांना संध्याकाळी मीच सांगणार.

तू ओरडली असतीस तर मी खोटं बोलले असते. थँक यू, आई. खूप.

आज तीन वाजता स्कूल काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतलीय. मला सोडायचंय. एकटी जाऊ शकते मी, खरंच. पण तू ये.

इला